ओटावा करार सोडणारे देश आणि जमिनीतले सुरुंग

पायवाट

२७ डिसेंबर २०२५ रोजी एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया हे तीन बाल्टिक देश ओटावा करारातून अधिकृतपणे बाहेर पडले. पाठोपाठ १० जानेवारी २०२६ला फिनलंड आणि २० फेब्रुवारीला पोलंड. युद्धाच्या रोजच्या बातम्यांत ही बातमी आली तशी गेली. माझ्या मते ती गेल्या काही वर्षांतल्या सगळ्यात गंभीर बातम्यांपैकी एक आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसाच्या पावलाने फुटणारे भूसुरुंग वापरायचे नाहीत, बनवायचे नाहीत, साठवायचे नाहीत आणि कुणाला द्यायचेही नाहीत, असा हा करार. डिसेंबर १९९७मध्ये ओटावात १२२ देशांनी सह्या केल्या आणि १ मार्च १९९९ला तो लागू झाला. साठा चार वर्षांत नष्ट करायचा आणि पेरलेली जमीन दहा वर्षांत साफ करायची, ही त्यातली दोन ठोस बंधनं. रणगाड्याच्या वजनाने फुटणारे सुरुंग यात येत नाहीत. अमेरिका, रशिया, चीन, भारत, पाकिस्तान, इस्राएल, इराण आणि दोन्ही कोरिया पहिल्यापासून बाहेरच आहेत.

एवढे मोठे देश बाहेर असूनही करार कागदावर राहिला नाही. सदस्य देशांनी मिळून साडेपाच कोटींहून अधिक सुरुंग नष्ट केले. मोझांबिकचं यादवी युद्ध १९९२ला संपलं आणि २०१५मध्ये तो देश सुरुंगमुक्त जाहीर झाला. सुरुंग आणि न फुटलेल्या स्फोटकांनी दरवर्षी किती माणसं मरतात वा जखमी होतात त्याची नोंद 'लँडमाइन मॉनिटर' ठेवतो. १९९९ला तो आकडा नऊ हजारांच्या वर होता, २०१३च्या सुमारास साडेतीन हजारांच्या आसपास आला. मग सीरिया, येमेन, म्यानमार, युक्रेन. २०२३मध्ये पुन्हा ५,७५७. त्यात ज्यांची ओळख पटली त्यांतले दहापैकी आठांहून अधिक सामान्य नागरिक होते.

बाहेर पडणार्‍या देशांना मी खलनायक ठरवत नाही. त्यांची भीती खरी आहे. पण शस्त्रबंदीचा करार शांततेच्या काळासाठी नसतोच, तो कसोटीच्या काळासाठी असतो. धोका दिसताच तो सोडता येत असेल, तर उरलेल्या देशांनी तो का पाळावा? म्यानमारच्या लष्कराला किंवा उद्या आणखी कुणाला आपण कुठल्या तोंडाने सांगणार?

आपली मतं वाचायला आवडेल.

---

अक्षांश

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही.

फिनलंडची रशियाशी सीमा १,३४० किमी आहे. एस्टोनियाची एकूण लोकसंख्या तेरा लाखांच्या घरात. समोरचा देश करारात कधीच नव्हता आणि २०२२पासून युक्रेनमध्ये मुक्तहस्ताने सुरुंग पेरतो आहे. अशा वेळी हे देश कुणाच्या भरवशावर एक हात पाठीमागे बांधून उभे राहतील?

२०२३चा उन्हाळा आठवा. युक्रेनच्या प्रतिहल्ल्याची तयारी महिनोन्‌महिने चालली होती. पाश्चात्त्य रणगाडे आले, नव्या ब्रिगेड उभ्या राहिल्या. जूनमध्ये झापोरिझ्झिया आघाडीवर ओरिखिवच्या दक्षिणेला पहिल्या काही दिवसांतच लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली चिलखती गाड्या सुरुंगांच्या पट्ट्यात अडकल्या. वाट मोकळी करणारी वाहनं मोजकी, ती आधी टिपली गेली. मग सैनिक पायी, रात्री, हाताने सुरुंग काढत पुढे सरकायला लागले आणि रोबोतिने गावापर्यंत पोचायला ऑगस्ट संपत आला. युरोपातल्या प्रत्येक लष्कराने हे बघितलं आणि आपापला हिशेब मांडला.

सुरुंग शत्रूला थांबवत नाही, हे मलाही माहीत आहे. तो वेळ काढून देतो. तोफांचा आणि ड्रोनचा मारा जिथे होणार तिकडे शत्रूला वळवतो. छोट्या देशाला हवा असतो तो नेमका हा वेळ, मित्रदेशांची कुमक येईपर्यंतचा. दूर बसून तत्त्वाचा आग्रह धरणं सोपं आहे.

---

धुके

एक शंका. युक्रेनसुद्धा करारात होता ना? मग तो बाहेर पडला की नाही? बातम्यांत कधी 'बाहेर', कधी 'स्थगित' असं वाचलं.

---

शोधयात्री

@धुके, गोंधळ तुमचा नाही, परिस्थितीच तशी आहे.

करारातलं कलम २० म्हणतं की बाहेर पडायचं असेल तर लेखी कळवा, सहा महिन्यांनी ते लागू होईल. पण पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते सहा महिने संपताना तो देश सशस्त्र संघर्षात गुंतलेला असेल, तर तो संघर्ष संपेपर्यंत बाहेर पडणं लागूच होत नाही. करार लिहिणार्‍यांनी नेमका हाच प्रसंग डोळ्यांपुढे ठेवला होता. युद्ध पेटलं की प्रत्येकाला पळवाट हवीशी वाटणार, म्हणून त्यांनी ती आधीच बुजवली. कलम १९मध्ये तर कुठल्याही अटी-शर्ती घालून सामील व्हायलाही मनाई आहे.

युक्रेनच्या अध्यक्षांनी जून २०२५च्या अखेरीस बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. पण देश युद्धात, म्हणजे कलम २०चा अडथळा. म्हणून त्यांनी संयुक्त राष्ट्रांना कळवताना 'आम्ही कराराचा अंमल स्थगित करत आहोत' अशी भाषा वापरली. करारात स्थगितीची तरतूदच नाही. काही सदस्य देशांनी त्यावर लेखी हरकत घेतली आहे.

बाल्टिक देश, फिनलंड आणि पोलंड यांना हा अडथळा नव्हता, कारण ते युद्धात नाहीत. ते आत्ताच बाहेर का पडले याचं एक कारण हेही आहे. युद्ध सुरू झाल्यावर दार बंद झालं असतं.

---

रानजाई

अक्षांश, तुमचा मुद्दा लष्करी नकाशावर बरोबर असेल. मी जमिनीवरून लिहिते. सुरुंगाने जखमी झालेल्यांच्या पुनर्वसनाच्या कामाशी माझा अनेक वर्षं संबंध आहे.

पीएमएन-२ नावाचा सोव्हिएत बनावटीचा सुरुंग घ्या. तळहातात मावेल अशी हिरवी प्लास्टिकची चकती, वर काळ्या रबराची फुली. आत साधारण शंभर ग्रॅम स्फोटक. फुलीवर पाऊल पडलं की पाऊल जातं, पण तेवढंच होत नाही. स्फोट खालून वर जातो. माती, गवत, चपलेचे तुकडे, हाडांचे कपचे हे सगळं पोटरीच्या आत, स्नायूंच्या थरांमधून वर घुसतं. बाहेरून धड दिसणारा भाग आतून सडायला लागतो. म्हणून शल्यविशारदाला जखमेच्या बरंच वर, अनेकदा गुडघ्यापाशी पाय कापावा लागतो. एका शस्त्रक्रियेत भागत नाही.

लहान मूल असेल तर कापलेलं हाड वाढत राहतं. टोकाला कातडी ताणली जाते, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. कृत्रिम पाय दर वर्षाला, कधी त्याच्याही आधी बदलावा लागतो. रेड क्रॉसचं काबूलमधलं कृत्रिम अवयव केंद्र १९८८पासून चालू आहे. त्यानंतर अफगाणिस्तानात किती राजवटी आल्या नि गेल्या ते सगळ्यांना माहीत आहे. केंद्र बंद करता आलेलं नाही.

आणि जमीन साफ कशी होते तेही सांगते. एक माणूस, एक मीटर रुंदीची पट्टी. दोन्ही बाजूंना खुंट्या, साफ झालेल्या आणि न झालेल्या जमिनीची हद्द दाखवणार्‍या. गवत हाताने, मूठ मूठ कापायचं, आत तार ताणलेली नाही ना हे आधी बघून. मग डिटेक्टर. आवाज आला की गुडघ्यांवर किंवा पालथं होऊन, तिरक्या सळईने बाजूने माती उकरत जायचं, वरून कधीच नाही. बहुतेक वेळा निघतो तो खिळा, डब्याचं झाकण किंवा गोळीची पुंगळी. प्रत्येक खिळ्याला तीच काळजी घ्यावी लागते, कारण तो खिळा आहे हे काढेपर्यंत कळत नाही. चेहर्‍यावर जाड प्लास्टिकचं आवरण, अंगावर जाकीट, उन्हात. दिवसभरात काही चौरस मीटर. 'वेळ काढून देणारं शस्त्र' म्हणताना हा वेळ कोण मोजतं?

---

तिसरा_प्रहर

रानजाई, वाचून सुन्न झालो. पण आता म्हणे स्वतःहून निकामी होणारे सुरुंग आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये अमेरिकेने युक्रेनला जे द्यायचं ठरवलं ते बॅटरीवर चालणारे होते, काही तासांपासून दोन आठवड्यांपर्यंत मुदत लावता येते, बॅटरी संपली की फुटत नाहीत. तसे वापरले तर दोन्ही बाजू साधतील ना?

---

रानजाई

करारात तेही बसत नाहीत. पावलाने फुटतो तो सुरुंग, मग मुदतीचा असो वा बिनमुदतीचा.

तत्त्व बाजूला ठेवू. १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकेने असे स्वयंनाशी सुरुंग विमानांतून टाकले होते. नंतर कुवेतची जमीन साफ करताना न फुटलेले, स्वतःला न संपवलेले सुरुंग सापडले. शंभरातले अठ्ठ्याण्णव जरी मुदतीत मेले, तरी उरलेले दोन कुठले हे कुणालाच माहीत नसतं. साफ करणार्‍याला पट्टी तीच, सळई तीच, वेग तोच. शेतकर्‍यासाठीही ते शेत बंदच. बॅटरी संपलेल्या सुरुंगातही स्फोटक असतंच, ते खेळणं म्हणून घरी नेणार्‍या मुलाला तांत्रिक फरक कळत नाही.

---

नकाशेवाला

फिनलंड आणि पोलंड म्हणतात की आम्ही जबाबदारीने वापरू, प्रत्येक सुरुंगाची नोंद ठेवू. त्यांच्या हेतूवर शंका नाही. शंका जमिनीवर आहे, कारण जमीन नकाशाप्रमाणे राहत नाही.

फॉकलंड बेटांवर १९८२मध्ये अर्जेंटिनाच्या सैन्याने सुरुंग पेरले. युद्ध सव्वादोन महिने चाललं. बर्‍याच क्षेत्रांच्या नोंदी हाती आल्या, कुंपणं घातली गेली, काम ब्रिटनसारख्या श्रीमंत देशाकडे होतं. तरी शेवटचा सुरुंग निघायला नोव्हेंबर २०२० उजाडला. वाळूच्या टेकड्या सरकल्या होत्या, काही ठिकाणी सुरुंग कित्येक फूट खाली गेले होते.

बोस्नियात मे २०१४मध्ये पूर आला. बोस्ना नदीच्या खोर्‍यात दरडी कोसळल्या, सुरुंग वाहत गेले आणि 'इथे धोका आहे' सांगणार्‍या पाट्याही वाहून गेल्या. वीस वर्षं खपून केलेले नकाशे काही भागात निरुपयोगी झाले. ६ जून २०२३ला काखोव्का धरण फुटलं तेव्हा द्नीपर नदीच्या काठावरचे सुरुंग पाण्याबरोबर खाली गेले, काही वाहताना फुटले.

हे झालं हाताने पेरलेल्या, नोंदलेल्या सुरुंगांचं. पीएफएम-१ हा छोटा, पंख्याच्या पात्यासारखा प्लास्टिकचा सुरुंग रॉकेटमधून किंवा हेलिकॉप्टरमधून शेकड्यांनी सांडला जातो. त्याचा नकाशा होऊच शकत नाही. अफगाणिस्तानात मुलांनी तो खेळणं समजून उचलला. २०२२मध्ये युक्रेनचं इझ्युम शहर रशियाच्या ताब्यात असताना तिथे हे सुरुंग युक्रेनी सैन्याच्या रॉकेटांतून पडल्याचं ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेने नोंदवलं आहे. रशियाने एकूण कितीतरी अधिक आणि अधिक प्रकारचे वापरले, त्यात वाद नाही. पण इझ्युममध्ये ज्यांचे पाय गेले ते युक्रेनचेच नागरिक होते. सुरुंग बहुतेकदा आपल्याच किंवा आपण परत घेऊ पाहतो त्या जमिनीत पेरला जातो, हे विसरून चालणार नाही.

---

धुके

मोझांबिकमध्ये उंदरांनी सुरुंग शोधले होते असं वाचलं होतं, ते खरं आहे का?

---

शोधयात्री

अगदी खरं. आफ्रिकेतले मोठे पिशवीगाल उंदीर, अपोपो ही संस्था टांझानियात त्यांना शिकवते. ते धातू नाही, स्फोटकाचा वास ओळखतात, त्यामुळे खिळ्या-पुंगळ्यांवर वेळ जात नाही, आणि सुरुंग फुटावा इतकं त्यांचं वजन नसतं. मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभराहून अधिक सुरुंग आणि स्फोटकं शोधली, २०२०मध्ये त्याला ब्रिटनच्या पीडीएसए या प्राण्यांसाठी काम करणार्‍या संस्थेचं सुवर्णपदक मिळालं.

कंबोडियाचा विषय निघाला म्हणून एक जोडतो, कारण सुरुंगाचा प्रश्न म्हणजे फक्त युद्धानंतरची साफसफाई असं इथे थोडं वाटू लागलंय. थायलंड आणि कंबोडिया दोघेही कराराचे सदस्य. १६ जुलै २०२५ला वादग्रस्त सीमेवर गस्त घालणारे थाई सैनिक सुरुंगात जखमी झाले, एकाचं पाऊल गेलं. २३ जुलैला पुन्हा तसंच झालं, एकाचा पाय गेला. थायलंड म्हणाला हे पीएमएन-२ नुकतेच पेरलेले आहेत. कंबोडिया म्हणाला हे आमच्या यादवी युद्धातले जुने. २४ जुलैला तोफा सुरू झाल्या. पाच दिवसांत दोन्हीकडची मिळून चाळीसच्या वर माणसं मेली आणि सुमारे तीन लाख लोक घरं सोडून पळाले. २८ जुलैला मलेशियात युद्धविराम झाला, डिसेंबरमध्ये लढाई पुन्हा भडकली.

सीमावाद जुनाच आहे, सुरुंग हे एकमेव कारण नव्हे. पण ठिणगी तिथली. अशा वेळी सत्य शोधायचं साधन करारातच आहे, कलम ८. एक सदस्य दुसर्‍याकडून खुलासा मागू शकतो, प्रकरण सर्व सदस्यांपुढे नेऊ शकतो, तपास पथक पाठवता येतं. थायलंडने त्या कलमाचा आधार घेतलाही. ज्या दोन देशांमध्ये असा करारच नाही, तिथे विचारणार कुणाला?

---

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार.

अक्षांश, तुमच्या पहिल्या प्रतिसादाला नॉर्वेचं उदाहरण देते. नॉर्वेची रशियाशी १९८ किमी सीमा आहे, तोही नाटोत आहे आणि तो करारात राहिला आहे. १९९७च्या सप्टेंबरमध्ये कराराचा मसुदा ओस्लोतच ठरला. फिनलंडसारखाच शेजारी, फिनलंडसारखीच भीती, निर्णय वेगळा. रणगाडाविरोधी सुरुंग, खंदक, तोफा, ड्रोन, सैनिकाने स्वतः बघून कळ दाबल्यावरच फुटणारी स्फोटकं हे सगळं करारात राहूनही वापरता येतं. बंदी आहे ती फक्त पाऊल कुणाचं हे न बघता फुटणार्‍या शस्त्रावर.

दुसरं, हे एका करारावर थांबत नाही. लिथुएनिया ६ मार्च २०२५ला क्लस्टर बॉम्बवरच्या (एकातून अनेक छोटे बॉम्ब विखुरणार्‍या) बंदीच्या करारातूनही बाहेर पडला. त्याआधी जुलै २०२३मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर बॉम्ब दिले होते. पैशांचंही तेच. सुरुंग काढण्याच्या कामाला सर्वाधिक पैसा अमेरिका देत आली आणि जानेवारी २०२५मध्ये परदेशी मदत गोठवली गेली तेव्हा कंबोडियासह अनेक ठिकाणची पथकं काम अर्धवट टाकून थांबली. एकीकडे पेरणीला परवानगी आणि दुसरीकडे काढणीचा निधी बंद, दोन्ही एकाच वर्षात.

---

अक्षांश

नॉर्वेची सीमा उत्तर ध्रुववृत्ताच्या वर, जवळपास निर्मनुष्य. पोलंड-लिथुएनियाची सुवाल्की पट्टी बघा. बेलारूस आणि कालिनिनग्राद हा रशियाचा वेगळा पडलेला प्रदेश यांच्यामध्ये सुमारे ६५ किमी, सपाट, रस्ते-रेल्वेसकट. ती तुटली तर तिन्ही बाल्टिक देश जमिनीवरून एकटे पडतात. दोन्हींना एक माप लावता येणार नाही. त्यामुळे बाहेर पडण्याचा त्यांचा निर्णय मला आजही समर्थनीय वाटतो.

पण रानजाई आणि नकाशेवाला यांनी लिहिलंय त्यावर एक प्रश्न मला स्वतःलाच पडलाय. करार सोडला म्हणजे कलम ७सुद्धा गेलं, म्हणजे दरवर्षी किती साठा, कुठल्या प्रकारचा, कुठे पेरला याचा अहवाल द्यायचं बंधन गेलं. जबाबदारीने वापरू म्हणणार्‍या देशांनी ते बंधन स्वेच्छेने ठेवायला काय हरकत आहे?

---

शोधयात्री

काहीच हरकत नाही, आणि याचा दाखलाही आहे. पोलंडने २०१२च्या शेवटी कराराला मंजुरी दिली, पण त्याच्या कितीतरी आधी, २००३पासून, तो कलम ७चे अहवाल आपणहून देत होता. तेव्हा त्याच्यावर कसलंही बंधन नव्हतं.

---

पायवाट

मग मागणी हीच असायला हवी, आणि पहिल्यांदा पोलंडकडेच. सदस्य नसताना जो अहवाल तुम्ही वर्षानुवर्षं दिलात, तो आता पुन्हा द्या. साठा किती, प्रकार कुठला, आणि पेरले तर कुठे. लष्करी गुपिताची अडचण असेल तर अचूक जागा लढाई संपल्यावर द्या, पण नोंद आजपासून ठेवा आणि ती ठेवली जाते आहे हे बाहेरच्या कुणाला तरी तपासू द्या.

---

अक्षांश

हे मान्य. याला माझाही पाठिंबा.

---

रानजाई

त्यात कलम ६सुद्धा घाला, जखमींच्या उपचारांचं आणि पुनर्वसनाचं. फिनलंड आणि बाल्टिक देश म्हणतात की आम्ही मानवतावादी तत्त्वं सोडलेली नाहीत. मग काबूल, आंगोला, कंबोडियातल्या कामाला ते जे पैसे देत आले, ते पुढच्या अंदाजपत्रकात तेवढेच दिसतात का, ते बघू. मी ते आकडे आले की याच धाग्यावर टाकेन.